घड्याळांपुरता आजार

"का?" मॅडमनी विचारलं.

चिमणीने हातातल्या लाकडी खुंट्यांकडे पाहिलं, मग भोकांच्या पाटीकडे, मग खिडकीबाहेर. "बोटांची पकड सुधारावी म्हणून," ती म्हणाली.

"ते खुंट्यांच्या खोक्यावरसुद्धा छापलंय. मी विचारतेय, या माणसाला खुंट्याच का?"

"पुस्तकात..." एवढं बोलून चिमणीने जीभ चावली. 'पुस्तकात आहे म्हणून' हे उत्तर मॅडमना अजिबात खपत नसे. त्या चष्मा काढून पुसू लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटायला लावणारं ते पुसणं होतं.

चिमणी व्यवसायोपचाराच्या तिसऱ्या वर्षाला होती. आवाज बारीक म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव आता वॉर्डापर्यंत पोचलं होतं. आजारपणानंतर माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे तिचं शास्त्र. रुग्णाबद्दल विचार कसा करायचा, याचा वेगळा विषयच अभ्यासक्रमात होता आणि त्यात ती वर्गात पहिली आली होती. पण कागदावरचे रुग्ण फार गुणी असतात. 'वय पंचावन्न, उजवा हात अशक्त' एवढं सांगून ते गप्प बसतात. वॉर्डातले रुग्ण तोंड उघडतात.

उदाहरणार्थ, हे घड्याळवाले काका. वय बासष्ट, अर्धांगाचा सौम्य झटका, उजव्या हाताने ग्लास धरता येत होता, पण चिमटीत बारीक वस्तू धरता येत नव्हती. त्यांनी खुंट्यांची पाटी पहिल्याच दिवशी परत सरकवली होती.

"छोट्या मॅडम, मी बालवाडीत आहे का?"

"काका, हा व्यायाम आहे."

"मग शेजारच्या आजोबांना द्या. त्यांना वेळ जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मणी आणले. काकांनी ते नातीसाठी खिशात टाकले. तिसऱ्या दिवशी तिने चिकणमाती आणली, तेव्हा काकांनी झोप लागल्याचं सोंग केलं आणि सोंग करता करता खरंच घोरू लागले. चिमणीने हात टेकले. महिनाअखेरीस शनिवारी एका रुग्णाची पूर्ण मांडणी करायची होती. मॅडमनी 'पास' लिहिलं तर पुढचं वर्ष, नाहीतर याच वॉर्डात आणखी सहा महिने. मागच्या वर्षीची एक ताई अजून तिथेच होती आणि पंख्याचं कुठलं बटण चालतं ते नव्या मुलींना दाखवायची.

त्या संध्याकाळी चिमणीने काकांचा केसपेपर पुन्हा वाचला आणि तिला एकदम लख्ख दिसलं. व्यवसाय: घड्याळांचं दुकान. काका रोज सकाळी मनगटावरचं घड्याळ कानाला लावत. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, हे त्यांनी आल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणजे हा माणूस घड्याळजी! आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेल्या माणसाला आपण लाकडी खुंट्या देतोय! रुग्णाला आपलीशी वाटणारी कृती निवडा, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. चिमणीने ओठ घट्ट मिटून खोलीवरचं आपलं गजराचं घड्याळ पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच आणला.

काकांनी घड्याळ पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर पाहिले आणि ते उठून बसले.

"उघडू?" त्यांनी हळूच विचारलं.

"उघडा ना!"

"नक्की? कुणी रागावणार नाही?"

"काका, माझंच आहे. उघडा."

पहिल्या स्क्रूला चाळीस मिनिटं लागली. स्क्रू ड्रायव्हर सटकला, पडला, चिमणीने पलंगाखालून शोधून दिला, पुन्हा सटकला. काकांच्या कपाळावर घाम आला, पण ते थांबेनात. जेवणाचं ताट आलं तर म्हणाले, "ठेवा तिकडे." दुसऱ्या दिवशी दुपारी गजराच्या घड्याळाचे सतरा तुकडे स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेले होते आणि काका त्यांच्याकडे वाकून बघत बसले होते.

मॅडम येऊन बघून गेल्या. "का?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या रोजच्या कामातली कृती आहे, मॅडम. म्हणून ते टाळत नाहीत."

मॅडमनी चष्मा पुसला नाही. चिमणीला आभाळ ठेंगणं झालं.

तिथून गाडी उताराला लागली. वॉर्डात घड्याळजी आहे म्हटल्यावर सिस्टर आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या. वॉर्डमामांनी मुलाचं आणलं. शेजारच्या आजोबांच्या सुनेने घरून दोन आणली. चिमणी हरखून सगळी नोंदवहीत चढवत होती, कारण प्रत्येक घड्याळ म्हणजे नवा सराव. काका कुणालाच नाही म्हणत नव्हते. घड्याळ हातात आलं की विचारायचे, "उघडू?" आणि उघडायचे.

बंद मात्र एकही करत नव्हते.

"काका, आता जोडायला घेऊया का?" चौथ्या ट्रेनंतर चिमणीने विचारलं.

"घाई करू नका, छोट्या मॅडम. आधी सगळं नीट बघायला नको?"

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. काकांनी पाणी मागितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी तिच्या आईची तब्येत विचारली. एव्हाना ट्रे सात झाले होते. सिस्टर दर तासाला दारातून डोकावून जात होत्या, आणि वॉर्डमामांनी पुढाकार घेऊन भिंतीवरचं मागे पडणारं घड्याळही काढून काकांच्या मांडीवर ठेवलं होतं. त्या दिवसापासून वॉर्डात किती वाजले ते कुणाला कळेना. "नऊच्या गोळ्या नऊला द्यायच्या की मला वाटेल तेव्हा?" असं सिस्टरनी चिमणीलाच सर्वांदेखत विचारलं. भेटीची वेळ संपली की नाही यावरून मामांची एका रुग्णाच्या मेहुण्याशी बाचाबाची झाली.

दुसरं कोणी असतं तर त्याने काकांना सरळ एक प्रश्न विचारला असता. पण चिमणी वर्गात पहिली आलेली. तिने विचार केला.

हा माणूस वस्तू उघडू शकतो, पण जोडू शकत नाही. का? मेंदूला उलट्या क्रमाने काम करता येत नसेल! तिने काकांना शर्टाची बटणं काढायला लावली आणि पुन्हा लावायला सांगितली. त्यांनी लावली. बुटांची नाडी सोडायला लावली. त्यांनी सोडली आणि बांधली, वर दुहेरी गाठ मारली. डब्याचं झाकण, पेनाचं टोपण, उशीचा अभ्रा, सगळं उघडलं, सगळं मिटवलं. मग चिमणीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिच्या अंगावर काटा आला. दोष होता, पण फक्त घड्याळांपुरता! असला रुग्ण कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिने ग्रंथालयातली तीन जाडजूड पुस्तकं उपसली आणि अठरा पानं लिहिली. शेवटी एक आकृतीही काढली, तीत मेंदूच्या एका कोपऱ्यात छोटंसं घड्याळ होतं.

"आई, माझ्या केसवर बहुतेक लेख निघेल," तिने फोनवर सांगितलं.

"बरं," आई म्हणाली. "त्या माणसाला बरं वाटतंय ना पण?"

"आई, ते वेगळं गं!"

शनिवारी विभागातल्या लांब टेबलावर अकरा ट्रे मांडले होते. चार मैत्रिणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. काका स्वच्छ दाढी करून खुर्चीत बसले होते. मॅडम आल्या आणि टेबलाशी थबकल्या.

"तुझ्या वहीत दहा घड्याळं आहेत. इथे अकरा ट्रे कसे?"

चिमणीने मोजले. मग अकराव्या ट्रेमध्ये पाहिलं. त्यात निळ्या तबकडीचं एक घड्याळ सुटं होऊन पडलं होतं, आणि तो निळा रंग तिने महिनाभर मॅडमच्या मनगटावर पाहिला होता. सकाळी हात धुताना त्यांनी ते बेसिनपाशी काढून ठेवलं होतं. चिमणीची पाचावर धारण बसली.

"काका," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे बंद होतं का?"

"नाही हो, छान चालू होतं," काका म्हणाले. "पण याची बनावट जरा वेगळी दिसली."

एवढ्यात दारातून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले. काकांना घरी न्यायला आलेले त्यांचे थोरले भाऊ. त्यांनी टेबलावर एक नजर टाकली आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर कुणी दिला?"

"दादा, तू एवढ्या लवकर कसा?" काका चाचरले.

"चाळीस वर्षं याला मी दुकानात गल्ल्यावर बसवलं," थोरले भाऊ सगळ्या खोलीला सांगू लागले. "दुरुस्ती मी करतो. हा फक्त घड्याळं विकतो. याला साधा पट्टा बदलता येत नाही!"

टिकटिक ऐकू यावी असा क्षण होता, पण टिकटिक करायला काही शिल्लक नव्हतं. चिमणीने हातातली अठरा पानं पाठीमागे नेली.

"तू यांना विचारलं होतंस, की तुम्ही घड्याळं दुरुस्त करता का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"अठरा पानांत कुठेच?"

"कुठेच नाही, मॅडम." चिमणीचा आवाज आता तिलाच ऐकू येईना. सहा महिने, पंख्याचं बटण, आईला काय सांगायचं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला काकांचा राग आला, थोरल्या भावाचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. एक प्रश्न! सात शब्दांचासुद्धा झाला नसता.

मॅडमनी खुंट्यांची पाटी काकांपुढे ठेवली. "नऊ खुंट्या. उजव्या हाताने लावा." मनगटाकडे पाहायला त्यांनी हात उचलला, काहीच न दिसल्यावर मोबाइल काढला. दाखल झाल्या दिवशी मॅडमनी घेतलेल्या चाचणीत काकांना याला चार मिनिटं लागली होती आणि दोन खुंट्या जमिनीवर पडल्या होत्या. आज एकही पडली नाही.

"सत्तावीस सेकंद," मॅडम म्हणाल्या. "का?"

चिमणीने तोंड उघडलं. तिच्याकडे निदान तीन उत्तरं तयार होती, त्यातलं एक तर आकृतीसकट. "माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली.

"मग ज्यांना माहीत असेल त्यांना विचार."

चिमणी स्टूल ओढून काकांसमोर बसली. "काका, तुम्हाला दुरुस्ती येत नाही, तर मग एवढी घड्याळं उघडलीत कशाला?"

काकांनी आधी भावाकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "चाळीस वर्षं घड्याळं विकली, छोट्या मॅडम. गिऱ्हाइकाला सांगायचो, आतलं यंत्र उत्तम आहे. ते कसं दिसतं हे मलाच माहीत नव्हतं. दादाच्या टेबलाजवळ गेलो की तो म्हणायचा, हात लावू नकोस. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, उघडा. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर पुन्हा खुंट्या दिल्या असत्यात."

थोरले भाऊ मिशीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघू लागले. मॅडमनी चष्मा काढला आणि यावेळी बराच वेळ पुसला.

"पास," त्या म्हणाल्या. "ही अठरा पानं रद्दीत टाक. एक पान लिहून आण, आत्ता जे ऐकलंस ते. आणि हे सगळं जोडून झाल्याशिवाय या खोलीतून कुणी हलायचं नाही."

'कुणी' म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. थोरल्या भावाने मुकाट्याने कोट काढला, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि निळ्या तबकडीचा ट्रे पुढे ओढला. कुठलं चक्र कशाशेजारी होतं हे काका एकेक करून सांगत होते, आणि एकदाही चुकत नव्हते. भावाने चिमट्यात स्क्रू धरला, आणि त्यांचा हात थरथरू लागला.

चिमणीला ते ताबडतोब दिसलं. बोटांची थरथर, वय सत्तरच्या आसपास, उजवा हात! तिच्या डोक्यात तीन आजारांची नावं आली, आणि चौथ्याचं नाव पुस्तकात कुठल्या पानावर होतं तेही आठवलं. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, मग दोन्ही खाली ठेवलं.

"मोठे काका, हात कशाने थरथरतोय?"

"भुकेने," ते वैतागून म्हणाले. "पहाटेच्या गाडीने निघालोय. पोटात काही नाही, आणि आल्या आल्या हे कामाला लावलंत!"

चिमणी धावत जाऊन सिस्टरांच्या कपाटातला बिस्किटांचा पुडा घेऊन आली. थोरल्या भावाने चिमटा खाली ठेवला आणि पुडा फोडला. त्यांचं दुसरं बिस्कीट तोंडात जाईपर्यंत काकांनी चिमटा उचलला होता, स्क्रू धरला होता आणि जागेवर ठेवून फिरवायला घेतला होता.

भावाचं लक्ष गेलं. 'हात लावू नकोस' म्हणायला तोंड उघडलं, पण ते भरलेलं होतं. चावून, गिळून होईपर्यंत ते भिंगातून बघतच राहिले.

"शेजारच्या भोकात जातो तो," शेवटी ते म्हणाले.

काकांनी स्क्रू काढला आणि शेजारच्या भोकात बसवला. हात जराही अडखळला नाही.

"आता पुढचा घे," भाऊ म्हणाले आणि त्यांनी तिसरं बिस्कीट काढलं.