एकही मत फुटलं नाही

लोकशाहीचा खरा आधार म्हणजे एकजूट झालेला मतदार; तो एकदा उभा राहिला की भल्याभल्या हुकूमशहांच्या खुर्च्या डळमळतात. हे वाक्य सिंदी (रेल्वे) इथल्या हरिभाऊ वैरागडे गुरुजींनी लिहिलं, एका वर्तमानपत्रानं वाचकांच्या पत्रांत ते छापलं, आणि ज्ञानज्योत वाचनालयात आलेल्या अंकात ते वाक्य जिथं असायला हवं होतं तिथं एक चौकोनी भोक होतं.

भोक मोठं नीटस होतं. पट्टी लावून कापलेलं. हरिभाऊंनी अंक डोळ्यांसमोर धरला, तेव्हा त्या भोकातून त्यांना टेबलामागे बसलेले वाचनालयाचे अध्यक्ष रूपराव झाडे दिसले. रूपरावांच्या हातात कात्री होती.

हरिभाऊंनी बावीस वर्षांत एकशे चौदा पत्रं पाठवली होती. हे पहिलं छापून आलेलं. वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन, एक रेल्वेची आणि एक वर्ध्याला लागून असलेली मेघ्यांची. म्हणून पत्राखाली त्यांनी कंसातला 'रेल्वे' दोनदा गिरवलाही होता. सकाळी त्यांचा जुना विद्यार्थी सुमीत बसस्टँडवर भेटला आणि म्हणाला, "सर, पेपरात पत्र आलं ना तुमचं? मी म्हटलं, तुमचंच असंन." त्यानंतर हरिभाऊंचे पाय जमिनीला लागले नाहीत. गावातले अंक संपले होते. मोबाइलवर दिसतं ते हरिभाऊ छापून आलेलं धरत नसत. म्हणून वन खात्यातून निवृत्त झालेले गोमाजी उईके आणि माजी नर्स कौशल्याबाई या दोघांना साक्षीदार म्हणून घेऊन ते वाचनालयात आले होते.

"कुठं हाय जी पत्र?" गोमाजींनी विचारलं.

"इथं होतं."

"इथं त मले गार्डसाहेब दिसून राह्यले."

टेबलावर हिरव्या झेंडीची काठी आपटली. रूपराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते, पण झेंडी आणि शिट्टी निवृत्त झाली नव्हती. "बोलनं बंद! हे वाचनालय हाय, वेटिंग रूम नाई."

"तुम्ही माझं पत्र कापलंत!"

"मी कोनाचं पत्र कापलं नाई. मी कापतो ते मागच्या बाजूचं. तुमचं त्याच्या संगं गेलं."

"मागच्या बाजूला काय होतं?"

"ते वाचकाले सांगाचं असतं त कापलं कायले असतं?"

हरिभाऊंनी तोंड उघडलं, पण बोलणं बंद होतं.

रूपरावांचं राज्य नऊ वर्षं चाललं होतं. पेपर अकरा मिनिटांत परत करायचा. बाराव्या मिनिटाला शिट्टी. पंखा पंधरा मार्चच्या आधी लागत नसे, मग ऊन कितीही तापो. खोकायचं असेल तर व्हरांड्यात. दोन वर्षांपूर्वी गोमाजी वाचता वाचता चक्कर येऊन खुर्चीवरून पडले, तेव्हा सगळ्या खुर्च्या बदलून हातवाल्या खुर्च्या आल्या, आणि त्याच सुमारास कात्री आली. कुणाला विचारून काही येत नसे. ठराव रूपराव घरी लिहीत आणि 'सर्वानुमते' हा शब्द आधीच घालून आणत.

हे सगळं लोकांनी सोसलं होतं. पण त्याच दिवशी फळ्यावर नोटीस लागली. रविवारी वार्षिक सभा. विषय पहिला : अध्यक्षाची निवडणूक, गुप्त मतदानाने. विषय दुसरा : यापुढे निवडणुकीचा त्रास वाचावा म्हणून विद्यमान अध्यक्षांस तहहयात अध्यक्ष करणे.

"तहहयात म्हंजे?" गोमाजी कुजबुजले.

"म्हणजे मरेपर्यंत," हरिभाऊ म्हणाले.

"कोनाच्या?"

शिट्टी वाजली.

वाचनालयात बोलता येत नाही, म्हणून विरोधकांची पहिली बैठक स्टेशनच्या फलाटावर झाली. बाकावर तिघं, आणि तिघंही उमेदवार. गोमाजींना पंख्यासाठी अध्यक्ष व्हायचं होतं. कौशल्याबाईंचं म्हणणं असं की तीस वर्षं डॉक्टरांच्या चुका निस्तरल्या, एक वाचनालय सहज निस्तरता येईल. हरिभाऊंना भोक दिसत होतं.

"तिघं उभे राह्यलो त मतं फुटतीन न तेच येतीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "एकानंच उभं राहा लागते. कोन ते सांगा."

त्याच क्षणी कोळशाची मालगाडी आली. अठ्ठावन्न डबे. हरिभाऊ काहीतरी ओरडून सांगत होते, दोघं मान हलवत होते. गाडी गेल्यावर कळलं की उमेदवार हरिभाऊ ठरले आहेत.

"मी मान हलवली ते डबे मोजत होतो म्हनून," गोमाजी म्हणाले. पण त्यांनी ते ताणलं नाही. "बरं, तुमीच राहा जी. पन पंखा एक मार्चले."

मग चार दिवस हरिभाऊ दारोदार फिरले. सभासद एकूण एकतीस. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी एकच वाक्य : "एकही मत फुटता कामा नये." आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर : "नाई फुटत, गुरुजी." ज्यांच्यात पाच वर्षं बोलणं नव्हतं असे दोन सख्खे चुलतभाऊ या प्रश्नावर एक झाले. शनिवारी संध्याकाळी हरिभाऊंनी हिशेब केला : आपल्याला तीस, रूपरावांना एक. ते एक रूपरावांचं स्वतःचं. सिंदीत अशी एकजूट आजवर कशासाठीच झाली नव्हती. हरिभाऊंना पुढच्या पत्राचा मजकूरही सुचला.

गडबड झाली ती रविवारी सकाळी, एका हारामुळे.

रूपराव सभेला आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. एका हातात मतपेटी म्हणून पेढ्यांचा रिकामा डबा, झाकणाला कात्रीनं पाडलेली सरळ फट. दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी त्यांनी खुर्चीमागे लपवून ठेवली, पण तोंड नीट बंद झालं नव्हतं. त्यातून झेंडूच्या हाराचं टोक बाहेर आलं होतं.

"हार कोनं आनला वं?" पलीकडच्या रांगेतून कुजबुज आली.

"त्याह्यनंच," कौशल्याबाई म्हणाल्या. "सकाळी फुलवाल्याजवळ उभे होते. लहान घेऊ का मोठा, इचारत होते त्याले."

"मंग?"

"मोठा घेतला."

त्यानंतर सगळी खोली त्या पिशवीकडे पाहत राहिली. शिट्टीची गरज पडली नाही.

मतदानाची सोय धार्मिक ग्रंथांच्या कपाटामागे होती. एकेकानं जायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं, डब्यात टाकायचं. हरिभाऊंचा नंबर सातवा. कपाटामागे गेल्यावर त्यांनी पेन उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो हार आला. थोड्या वेळानं डबा उघडणार. एक मत. तेही स्वतःचं, सगळ्या गावाला कळेल असं. मग हा माणूस ती पिशवी घेऊन घरी कसा जाईल? बायको गेल्यापासून घरी एकटाच असतो. हार ठेवेल कुठं? हरिभाऊंनी विचार केला : तीस मतांच्या ढिगातून एक इकडचं तिकडे गेल्यानं लोकशाहीचं काय बिघडतं? एकोणतीस-दोन. तरीही दणदणीत. त्यांनी शुद्धलेखन सांभाळून 'रूपराव झाडे' लिहिलं, रू दीर्घ, आणि हलक्या मनानं बाहेर आले.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचाच चेहरा त्या दिवशी हलका होता. हरिभाऊंना ते एकजुटीचं तेज वाटलं.

मतमोजणी वाचनालयाच्या ग्रंथपाल लीना यांनी केली. त्या पगारी, म्हणून तटस्थ.

"रूपराव झाडे," त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली. कौशल्याबाई समाधानानं हसल्या.

"रूपराव झाडे." गोमाजींनी मान डोलावली.

"रूपराव झाडे." चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

दहाव्या चिठ्ठीला हसणारं कुणी उरलं नाही. विसाव्याला लोक पायांकडे पाहू लागले. रूपराव मात्र शांत होते. प्रत्येक नावाला झेंडी किंचित हलवत होते. सव्विसाव्या चिठ्ठीला लीना थांबल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "हरिभाऊ वैरागडे." त्यानंतर पुन्हा रूपराव.

तीस विरुद्ध एक. हिशेब तंतोतंत बरोबर आला होता. एकजूट शंभर टक्के होती. पत्ता तेवढा चुकला.

सगळी खोली हरिभाऊंकडे पाहत होती, आणि त्या नजरेत इतकी माया होती की हरिभाऊंना खुर्चीचे हात धरावे लागले.

"सोताले एक त देल्लं तुमीनं," गोमाजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "बरं केलं जी. नाई त भोपळा असता."

ते एक मत आपलं नाही हे हरिभाऊंना पक्कं ठाऊक होतं. आणि ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

"विषय दुसरा," रूपराव उभे राहिले. "तहहयात."

हरिभाऊ नोटिशीकडे पाहत राहिले. तीस मतांनी निवडून आलेल्या माणसाला आता कोण अडवणार? यापुढे निवडणूक नाही. यापुढे पेपरला भोकंच भोकं. आणि हे सगळं त्यांच्याच दीर्घ रू-नं.

"थांबा जी!" कौशल्याबाई उठल्या. त्यांचा आवाज वॉर्डातला होता. "माह्यानं आता राहावत नाई. गार्डसाहेब, म्या तुमाले मत देल्लं. मले वाटलं, बाकीचं कोनी देनार नाई. एक मत त पडू दे म्हटलं बिचाऱ्याले."

"मी बी तसंच म्हटलं," गोमाजी म्हणाले.

"मी पन." "आमी दोघायनं पन." कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज आले. प्रत्येकाला वाटलं होतं, दया फक्त आपल्यालाच आली आहे.

रूपराव हळूच खाली बसले. झेंडी मांडीवर ठेवली. "म्हंजे हे तीसच्या तीस मतं दयेचे?"

खोलीतल्या नजरा पुन्हा पायांकडे वळल्या.

"अन् मी इकडं येगळाच इचार करत होतो," ते म्हणाले. "गुरुजी, तुमचं ते एक मत माह्यं हाय."

"तुमचं?"

"मले वाटलं, समदे मलेच देतीन. तुमाले भोपळा पडला असता त बरं दिसलं असतं का? मास्तर मानूस."

"समद्यायनं तुमालेच देल्लं की!" कौशल्याबाई म्हणाल्या, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग सगळेच हसले. गोमाजी तेवढे हसत नव्हते. ते बोटं मोजत होते.

"थांबा जी," ते म्हणाले. "एक मत गार्डसाहेबाचं. मंग गुरुजी, तुमचं कुठं गेलं?"

हरिभाऊंनी कपाटातल्या धार्मिक ग्रंथांकडे पाहिलं. तिथून मदत आली नाही.

"हार दिसला होता मला," ते म्हणाले.

हसणं ओसरायला अकरा मिनिटांहून जास्त वेळ लागला. शिट्टी वाजली नाही. मग रूपराव उठले, शर्ट खाली ओढला आणि नोटीस पुन्हा वाचली. "विषय दुसरा. हात वर करून सांगा. बाजूनं?"

एकही हात नाही. रूपरावांचाही नाही, त्यांनी दोन्ही हातांनी नोटीस धरली होती.

"इरोधात?"

तीस हात. या वेळी कपाट नव्हतं. एकाची दया दुसऱ्याला दिसली असती, म्हणून ती कुणालाच सुचली नाही. रूपरावांनी झेंडीनं एकेक हात मोजला, रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं : 'नामंजूर.' थोडं थांबून त्यापुढे 'सर्वानुमते' लिहिलं. हा शब्द त्या रजिस्टरात पहिल्यांदाच खरा होता.

"दोन वर्षांनं पुन्हा उभे राहाजा," कौशल्याबाई म्हणाल्या. "तवा पाडू तुमाले. इमानदारीनं."

"राहीन न," रूपराव म्हणाले.

हार हरिभाऊंनी घातला. मोठाच होता, पोटापर्यंत आला. मग रूपरावांनी ड्रॉवरमधून एक जाड पाकीट काढलं आणि त्यातून एक चौकोनी कात्रण वेगळं केलं. "हे घ्या तुमचं. मागच्या बाजूनं पाहू नका."

हरिभाऊंनी अर्थातच मागच्या बाजूनं पाहिलं. तिथं निधन वार्ता होत्या. पाकिटातही सगळ्या निधन वार्ताच होत्या, दोन वर्षांच्या. वरून तिसरं नाव पाहून गोमाजी पुढे वाकले.

"हा माह्या संगं होता जी. आमी दोघं बोरच्या जंगलात होतो, सतरा वर्षं." त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. "मले काऊन नाई सांगितलं?"

"मागच्या वेळी असंच नाव वाचून पडले ना तुमी खुर्चीवरून," रूपराव म्हणाले. "याच्या तेरवीले मी जाऊन आलो. तुमच्या वतीनं."

गोमाजींनी डोळे पुसले. "यापुढं कापू नका जी. कोन गेलं ते मले कळू द्या. रडीन न मी."

"पडसान."

"पडलो त उचलजा."

रूपरावांनी कात्री लीनांच्या हातात दिली. लीनांनी ती पुस्तकं शिवण्याच्या सामानात ठेवली. पेढे वाटले गेले, पंखाही लागला. तारीख फेब्रुवारीची होती, पण ते कुणी काढलं नाही.

सगळे गेल्यावर हरिभाऊंनी खिडकीजवळ जाऊन कात्रण उलटवलं आणि चष्मा लावून आपलं पत्र वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. चारशे शब्दांतलं ते एकच वाक्य छापलं होतं. खाली नाव होतं : हरिभाऊ वैरागडे, सिंदी (मेघे).