गळाची काठी चढत्या लयीत

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. आमच्या घरी गळाची काठी कशी तयार झाली ते सांगतो. गोष्ट लहान आहे, भिंत मात्र मोठी होती.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे उद्या सकाळी पहिल्यांदाच तळ्यावर निघणार होते. जुनी काठी माळ्यावर मोडून पडलेली. मी छाती फुगवून म्हटलं, "विकतची कशाला? मी घरीच बनवतो." लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून एक 'शाबास' ऐकायचं राहिलं होतं, ते मला या काठीच्या टोकाला लटकलेलं दिसत होतं.

"यांनी मागे स्टूल केलं होतं," सासरे हिला म्हणाले. "त्यावर अजून कोणी बसलेलं नाही."

पण काम देखणं झालं हो. दोरी ओवायच्या कड्या लाल रेशमी दोऱ्याने गुंडाळून बसवल्या, वर चकचकीत रेझिन चढवलं. आता पथ्य एकच: ते घट्ट होईपर्यंत काठी आडवी धरून संथ फिरवत राहायची, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं.

संथ फिरवायचं तर लय हवी. मी रेडिओवर कीर्तन लावलं. टाळ मंद, माझा हात मंद, रेझिन आरशासारखं. सासरे खुर्ची ओढून जवळ आले, चष्म्यातून निरखू लागले. त्यांचे ओठ काहीतरी चांगलं बोलायला हलले, एवढं मी शपथेवर सांगतो.

नेमके तेव्हाच कीर्तनकार गजरावर आले. लय दुप्पट झाली, मृदंग तापला, माझे डोळे आपोआप मिटले. मग हात कुठला थांबतोय!

"अहो," ही दारातून म्हणाली, "भिंतीवर काय उडतंय?"

डोळे उघडले. भिंत, पडदा, रेडिओ, सगळीकडे ठिपके. सासऱ्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर एकेक टपोरा थेंब.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "मला तुम्ही दोन दोन दिसताय. एकच पुरे होता."

हिने काठी माझ्या हातातून काढून घेतली, रेझिनचा नवा हात दिला, रेडिओ बंद केला. मला फडकं दिलं आणि स्वतः काठी फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी सासरे तळ्यावरून परतले ते फुलून. चांगला हातभर मासा लागला होता, गोंजारून परत पाण्यात सोडला म्हणे. काठी कोपऱ्यात जपून टेकवत ते म्हणाले, "शाबास."

मी विनयाने मान लववली.

"तुम्हाला नाही. पोरीला."

तेव्हा मंडळी, कधी कुठल्या तळ्यावर लाल दोऱ्याची काठी दिसली, तर आमच्या हिची आठवण काढा. माझी काढायची गरज नाही. माझी भिंतीवर आहे, आणि ती काही केल्या निघत नाही.