तिसऱ्या मिनिटाला गायब होणारा झेंडा

फिनलंडमधल्या युवास्कुला शहरात गुन्हे फारसे होत नाहीत, याचं श्रेय हौशी गुप्तहेर तोर्स्ती ह्यूरिनेन स्वतःकडे घेत असे. "मी इथे राहतो हे चोरांना कळतं ना!" असं तो चारचौघांत सांगायचा. आजवर त्याने अकरा प्रकरणं हाती घेतली होती. त्यांतली नऊ आपोआप सुटली आणि दोन अजून त्याच्या हातातच होती.

शनिवारी सकाळी ओक्को लाइतिलाने त्याला बोलावलं ते नाइलाजाने. वडील गेले, तळ्याकाठचं उन्हाळी घर विकलं गेलं, त्याआधी ओक्कोने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर बांधून ठेवलं होतं. सौना, होड्यांची खोली, लाकडांची खोपी, अंगणातली झेंड्याची काठी, सगळं. गोळीबाराच्या खेळाचा मॅप म्हणून त्याच्या गेमिंग क्लबची मंडळी पाच वर्षं तिथे एकमेकांना प्रेमाने ठार मारत होती. यंदा क्लबच्या स्पर्धेचा प्रकार बदलला. आता दोन संघ, आणि एकमेकांचा झेंडा पळवायचा. ओक्कोने निळ्यांसाठी होड्यांच्या खोलीत नवा झेंडा लावला. लाल संघाला अंगण दिलं, तिथे काठी आयती होतीच. पण दर डावात, तिसऱ्या मिनिटाला, लाल झेंडा नाहीसा व्हायचा. बारा वाजता स्पर्धेच्या मॅपांची यादी बंद होणार होती. मॅप चालला नाही तर क्लबमधूनही कायमचा बाद. वडिलांचं घर एकदा गेलं होतं, ते पुन्हा जाऊ द्यायची ओक्कोची तयारी नव्हती.

"निळे चोर आहेत," तोर्स्ती म्हणाला.

"चाचणीच्या वेळी निळ्या संघात कुणीच नव्हतं."

"म्हणूनच तर संशय! मग स्वीडनचा हात."

"स्वीडनचा काय संबंध?"

"संबंध सापडला की सांगतो. अंगणातला तो मोठ्या शिंगांचा मूस कोण?"

"शोभेचा आहे रे. जागचा हलत नाही."

"भरल्या पोटी कशाला हलेल?" तोर्स्तीने वहीत टिपलं.

शेवटी तो स्वतः खेळात उतरला आणि काठीला टेकून पहाऱ्याला उभा राहिला. चाचणीला बसलेल्या एका मित्राने त्याला लगेच गोळी घातली. "साक्षीदाराचा खून!" तोर्स्ती ओरडला. दुसऱ्या खेपेला तो तिसऱ्या मिनिटापर्यंत जगला. तळ्यामागे खेळातला सूर्य बुडाला, अंधारलं आणि झेंडा गेला. "बघ! अंधाराचा फायदा घेतोय. मुरलेला चोर आहे!"

ओक्कोने डोकं धरलं. साडेअकरा होऊन गेले होते.

त्याची आई, राइली, कॉफी आणि गरम पाव घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं. "अय्या, आपलं अंगण! आणि झेंडा?"

"चोरीला गेलाय, काकू," तोर्स्ती गंभीरपणे म्हणाला.

"चोरीला कशाला जाईल? सूर्य बुडाला ना? बाबांनी उतरवला असेल."

ओक्कोने खेळातल्या लाकडांच्या खोपीचं दार उघडलं, बाबा झेंडा तिथेच ठेवायचे. झेंडा आत होता, नीट घडी घालून फळीवर ठेवलेला. पाच वर्षांपूर्वी त्यानेच प्रोग्रॅममध्ये तशी आज्ञा लिहिली आणि विसरून गेला होता, कारण सूर्यास्तानंतर झेंडा बाहेर राहिला की बाबा जेवायला बसत नसत.

"काढून टाक ती आज्ञा," तोर्स्ती म्हणाला.

"रात्रभर झेंडा बाहेर? काहीतरीच!" आई म्हणाली. "शेजारी काय म्हणतील?"

"आई, शेजारी तिथे बंदुका घेऊन फिरतायत."

"फिरू देत. रीत ती रीत. तारीख बदल की. युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाला कोण झेंडा उतरवतं? त्या एका रात्री तुझे बाबासुद्धा राहू द्यायचे."

ती सूटही ओक्कोने तेव्हाच आज्ञेत लिहिली होती; त्याने मॅपची तारीख युहान्नुसची केली. तिसरं मिनिट आलं, सूर्य बुडाला, झेंडा फडकत राहिला. बाराला आठ मिनिटं असताना मॅप स्पर्धेसाठी पाठवला गेला. आई पडद्यासमोरून हलेना.

"चोर घरातलाच, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," तोर्स्तीने वही उघडली. "गुन्हेगाराचं नाव?"

"ताउनो लाइतिला," आई म्हणाली. "माझा नवरा."

तोर्स्तीने लिहिलं: आरोपी सापडला. मग ओक्कोकडे बघून, पहिल्यांदाच जरा विचार करून, पुढे जोडलं: समज देऊन सोडला.