तानू तितरिणीची मोजणी

एका जंगलात, पोरांनो, तानू नावाची एक तितरीण राहायची. गवतात खळगा करून तिनं सात अंडी घातली होती. आणि नेमकी त्याच गवतातून गव्यांची वाट. गेल्या साली तिची सहाच्या सहा अंडी गव्यांनी चिरडली होती. यंदा ते चार दिवसांत डोंगरावरून उतरणार होते.

तानू धापा टाकत सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, गव्यांची वाट तेवढी ओढ्याकडून वळवा हो."

सिंह मोठा अभ्यासू. जांभई देण्याआधीसुद्धा पुरावा मागायचा. म्हणाला, "रडू नकोस बाई. आकडे आण."

आकडे असायचे साळिंदराच्या गुहेत. बाहेर पाटी होती, 'सर्व माहिती सर्वांना खुली.' इतकी खुली, की गुहेला दारच नव्हतं. आत झाडांच्या सालींचे ढीग. अंगावरचा काटा उपटायचा आणि सालीवर आकडा कोरायचा, हा साळिंदराचा उद्योग. पाठ पार उघडी पडली होती बिचाऱ्याची.

तानूनं दोन दिवस ढीग उपसले. पडलेली जांभळं, पुष्कळ. माकडांची भांडणं, सोमवारी जास्त. अस्वलाच्या शिंका, मोजणारा उडून गेला. शेवटी हवी ती साल सापडली.

'गव्यांच्या वाटेवर चिरडलेली अंडी: शून्य.'

"अहो साळिंदरभाऊ, शून्य कसं? माझीच सहा गेली की!"

"मोजणी गव्यानं केलीय. जो ज्या वाटेनं चालतो त्यानंच तिथलं मोजायचं, अशी आपली रीत. पद्धतही लिहिलीय बघ खाली. 'चालताना पायाला काही लागलं नाही.'"

"त्या मेल्याच्या पायाला झाड लागलं तरी कळत नाही!"

"त्याचा रकाना नाही आपल्याकडे."

तानूनं खालची पद्धत पुन्हा एकदा वाचली. मग गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, त्या वाटेवरचे गवे कुणी मोजलेत?"

"छे! ती साल कोरीच पडलीय."

"मीपण त्याच वाटेनं चालते की."

"मग मोज ना! एवढं कुणी करत नाही गं."

तानू गेली. वाटेवरून तुरुतुरु एक फेरी मारली आणि परत आली. साळिंदरानं काटा उपटून कोरलं, 'गवे: शून्य. पद्धत: चालताना पायाला काही लागलं नाही.'

दरबारात सिंहानं ती साल दोनदा वाचली. "गवेच नाहीत, तर वाट कुणासाठी? बंद करा."

"महाराज!" गवा डुरकला. "हा काय मी समोर उभा आहे!"

सिंहानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा साल पाहिली.

"तुझ्या भावना कळतात रे. पण तू यात नाहीस."

गवे मुकाट ओढ्याकडून गेले. सातही पिल्लं सुखरूप बाहेर आली. साळिंदर कौतुकानं मोजायला आला, तर तानूनं त्याला गवतात पाऊलही टाकू दिलं नाही.

तात्पर्य: पोरांनो, खरा आकडा शोधत ढीग उपसत बसू नये. त्यात दोन दिवस जातात. मोजायचं काम आपल्याकडे घ्यावं. ते एका फेरीत होतं.