सात नंबरचा माणूस

आमचं घर माझ्याभोवती फिरतं, हे मी छातीठोकपणे सांगत आलो होतो. बायकोला सांगितलं, पोरीला सांगितलं, कॉलेजात शिपायालाही सांगितलं! आणि मी काही असातसा माणूस नाही. एकवीस वर्षं पहिल्या वर्षाच्या पोरांना समाजशास्त्र शिकवतोय. कुटुंब म्हणजे काय, कोण कोणाला धरून असतं, हे मला नाही कळणार तर काय कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कळणार?

तर झालं असं, की अण्णा बाथरूममध्ये पडले. अण्णा म्हणजे आमचे वडील. कारखान्यात बत्तीस वर्षं टर्नर होते, लेथवर उभं राहून आम्हा तिघांना वाढवलं. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, लिफ्ट नाही. नशिबाने हाड मोडलं नाही, पण आता एकटं ठेवायचं नाही हे सगळ्यांना पटलं. प्रश्न एवढाच, की कोणाकडे? दादाकडे, माझ्याकडे की धाकटीकडे?

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद, की नंबर तपासायचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांत लावलाय आणि गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघून वाचतं. धाकटी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दोन खोल्यांचं घर आणि तोंडाचा पट्टा! आता तुम्हीच सांगा, अण्णांनी माझ्याकडे नाही तर कोणाकडे यावं? मी तर आधीच अभ्यासाच्या खोलीतली पुस्तकं हलवून नवा पलंग टाकला होता. डोक्याशी दिवा, हाताशी धरायला दांडा, सगळं.

पण "माझ्याकडे चला" असं सरळ म्हणेन तर मी प्राध्यापक कसला! मी म्हटलं, हे शास्त्रशुद्ध ठरवू.

"प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा," मी जाहीर केलं. "अडचण आली की घरातल्या कोणाला आधी हाक मारता? तीन नावं. त्यावरून नात्यांच्या जाळ्याचा नकाशा निघेल. माणूस म्हणजे ठिपका, हाक म्हणजे बाण. ज्याच्याकडे सर्वांत जास्त बाण, त्याच्याकडे अण्णा!"

"ह्याला मार्क आहेत का?" दादाने विचारलं.

"चार नावं चालतील?" वहिनी म्हणाल्या.

"अहो, हे तुम्ही वाचणार नाही ना?" बायको म्हणाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

"अगं, संपूर्ण गुप्त! मीसुद्धा बघणार नाही. संशोधकाचा पूर्वग्रह नको." मग मी सगळ्यांकडून संमतिपत्रावर सह्या घेतल्या. निकाल बंधनकारक, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते वाक्य माझंच. अण्णांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि सही केली. मीही फॉर्म भरला. नियम म्हणजे नियम.

सात बंद पाकिटं आणि घरातल्या माणसांची माझ्या हाताने लिहिलेली यादी मी माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीकडे दिली. फार व्यवस्थित पोरगी. मी खोकलो तरी टिपून घेते. मी शिकवलं होतं तसंच तिने केलं. चिठ्ठ्या टाकून माणसांना क्रमांक दिले, मोठ्या कागदावर नकाशा काढला आणि गुंडाळी माझ्या हातात ठेवली.

"सर, ती यादी हरवू नये म्हणून..." एवढंच म्हणाली. मला तासाला उशीर होत होता. "शाबास, शाबास!" म्हणून मी निघालो.

रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे जमले. भिंतीला चिकटपट्टी धरेना, म्हणून मी नकाशा खिडकीच्या काचेवर लावला. बाहेर लख्ख ऊन. गुंडाळी उलगडली आणि मला भरूनच आलं! ऐन मधोमध तीन नंबरचा ठिपका, आणि घरातल्या बाकी सहाही जणांचे बाण त्याच्याकडे!

"आता नाव घ्यायचं नाही असं ठरलंय," मी मान खाली घालून, शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "पण हा तीन नंबर कोण, हे तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं," दादा म्हणाला. तो डोळे बारीक करून कागदाकडे बघत होता.

"आणि हा बघा सात नंबर." मी पट्टी फिरवली. "ह्याच्याकडून तीन बाण निघतात, पण ह्याच्याकडे? एकही नाही! ह्याला म्हणतात एकाकी बिंदू. अशा माणसाला बिचाऱ्याला माहीतच नसतं. तो आपला समजत असतो, घर माझ्यामुळे चाललंय!"

धाकटीला ठसका लागला. मला वाटलं, दादाची परिस्थिती बघून तिला गहिवरून आलं. मलाही आलं. मी दादाच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस रे. ह्यात तुझा दोष नाही. अशा माणसाशी घरच्यांनीच जरा जास्त बोलायला हवं."

"अरे," दादा अगदी हळू म्हणाला, "मागे यादी चिकटवलीय."

"कसली यादी?"

"नंबरांची. उन्हात आरपार दिसतेय. उलटी आहे, पण मी दिवसभर तेच वाचतो. एक, पत्नी. दोन, वडील. तीन, बहीण. चार, मोठा भाऊ. पाच, मुलगी. सहा, वहिनी." तो थांबला. "सात, मी."

"म्हणजे तूच!"

"मी नाही. यादी तू दिलीस ना तिला? त्यातला 'मी'."

मग सगळे एकदम बोलायला लागले. वहिनींनी चार नंबरच्या बाणांवर लिहिलेला पसंतीक्रम वाचला. "माझं नाव तिसरं? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि अडचण आली की मी तिसरी?"

"अगं, जागा रिकामी राहिली म्हणून..." दादा म्हणाला आणि पुरता फसला.

पण मला त्यांच्या भांडणात रस नव्हता. मी बायकोकडे वळलो. "तूसुद्धा?"

"नळ फुटला होता तेव्हा तुम्हालाच फोन केला होता," ती म्हणाली. "घरात पाणी घोट्यापर्यंत. तुम्ही मला वीस मिनिटं सांगितलंत, की दुरुस्ती हे पुरुषाचं काम असं समाज कसं ठरवतो. मग नणंदबाईंना फोन केला. त्या प्लंबर घेऊन आल्या."

"आणि तू?" मी पोरीला विचारलं.

"बाबा, मी नापास झाले तेव्हा तुम्ही मला शिक्षणातल्या विषमतेवरचा लेख दिलात." तिने खांदे उडवले. "आत्या आइस्क्रीम घेऊन आली."

मी घाम पुसला. "हे बघा, मुळात नमुनाच लहान आहे! सातच माणसं! यावरून कुठलाही गंभीर निष्कर्ष काढता येत नाही!"

"मग काढलास कशाला?" धाकटी म्हणाली.

"आणि प्रश्न! प्रश्नाची रचनाच चुकीची होती!"

"तुझीच होती ना?"

"शिवाय लोक फॉर्मवर खरं बोलत नाहीत! एकेक बाण तपासायला हवा! हा तीन नंबरकडे जाणारा सहावा बाण बघा, हा कुठून आला? कोणी..."

मी पट्टीने त्या बाणामागे गेलो. तो सात नंबरपासून निघत होता. मीच लिहिलं होतं. अडचण आली की मी आधी कोणाला हाक मारतो, तर धाकटीला. गाडी बंद पडली की तिला, बँकेत सही जुळली नाही की तिला, आई गेली त्या दिवशीही तिलाच. मी विचार न करता लिहून टाकलं होतं.

आता शास्त्र गेलं खड्ड्यात! मी अण्णांसमोर खुर्ची ओढली. "अण्णा, कागद सोडा. तुम्ही सांगा. खोली तयार आहे. दांडासुद्धा लावलाय. माझ्याकडे या ना."

अण्णांनी चष्मा काढला. "मागच्या महिन्यात मी हिच्या गाडीत मागे बसलो होतो. एक पोरगा गाडी शिकत होता. तुझा विद्यार्थी निघाला. आरशात माझ्याकडे बघून म्हणतो, 'म्हणजे सरांचे वडील तुम्हीच का? सामाजिक गतिशीलता? टर्नरचा मुलगा प्राध्यापक? पाच मार्कांना होता तुम्ही!'"

"अण्णा, ते अभिमानानेच सांगतो मी."

"असेल. पण मला काय म्हणायचं ते कळेना. मी कसला गतिशील? बत्तीस वर्षं एका जागी उभा होतो." त्यांनी चष्मा परत घातला. "तुझ्याकडे आलो तर रोज कशाचं तरी उदाहरण व्हावं लागेल. आता जमत नाही रे."

रागावून बोलले असते तर मी वाद घातला असता. पण ते इतक्या मायेने बोलले, की मी खुर्ची परत जागेवर नेऊन ठेवली. दुपारी धाकटीने त्यांची बॅग गाडीत टाकली. जाताना संमतिपत्राची घडी अण्णांनी माझ्या खिशात ठेवली. "जपून ठेव, नियम तुझा आहे," म्हणाले. बायकोने रिकाम्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकला आणि घड्या घालायला बसली.

सोमवारी तास होता. दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून तोच नकाशा वर्गात नेला. मागची यादी फाडली होती. फळ्यावर लावला, बाण समजावले, एकाकी बिंदू दाखवला. पहिल्या बाकावरची पोरगी वहीत डोकं खुपसून बसली होती.

मागून एक पोरगा उठला. "सर, हा सात नंबर खरा माणूस आहे?"

"आहे."

"मग त्याला कोणी सांगितलं का हे?"

"सांगितलं. काल."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नमुना फार लहान आहे."

वर्ग खो खो हसला. हसणं ओसरल्यावर त्याच पोराने विचारलं, "सर, हा परीक्षेला येणार का?"

येईल, म्हटलं. दोन मार्कांना.