विलंब न झाल्याबाबतचा खुलासा

जन्म-मृत्यू नोंदणी विभागातला चार नंबरच्या टेबलावरचा संगणक सुरू व्हायला तेवीस मिनिटं लागत. ही ऐकीव गोष्ट नव्हती. ती विभागाच्या सलग तीन वार्षिक अहवालांत नमूद होती, आणि तिसऱ्या अहवालात तर ‘तेवीस मिनिटांचे सातत्य राखण्यात विभागास यश आले’ असंही म्हटलं होतं.

या संगणकासमोर दाखलेकाका बसत. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात होतं, पण दाखला जन्माचा असो की मृत्यूचा, तो त्यांच्याच हातून निघायचा, म्हणून सगळे त्यांना दाखलेकाकाच म्हणत. सकाळी सव्वादहाला ते संगणकाचं बटण दाबत, पाण्याची बाटली उचलत आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या कूलरकडे निघत. जाताना आवक-जावकच्या बाईंच्या गुडघ्याची चौकशी, येताना पेन्शनच्या खोलीत डोकावून कालच्या सामन्यावर दोन शब्द. परत येईपर्यंत पडद्यावर एक गोल चक्र फिरत असे. काका ते चक्र रांगेतल्या लोकांना दिसेल असा पडदा वळवत आणि सांगत, “सिस्टीम स्लो आहे. एकवीस दिवसांनी या.” लोक समजूतदारपणे मान हलवत आणि जात.

कार्यालयात काकांबद्दल एकच मत होतं: माणूस वाघ आहे, पण मशीननं मारलं. हे मत पसरवण्यात काकांचा स्वतःचा वाटा मोठा होता. नव्या संगणकासाठी त्यांनी नऊ वर्षांत अकरा अर्ज केले होते आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवली होती. घरी काकू शिलाई मशीनवर वाकून लोकांचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवत असत, त्यांनाही ते जेवणाआधी रोज ऐकवत, “मला फक्त चांगलं मशीन द्या. अर्ध्या शहराचे दाखले एका महिन्यात काढून दाखवतो.” काकू दोऱ्याचं टोक ओठांत धरून ‘हं’ म्हणत. ओठांत दोरा असला की माणसाला जास्त बोलता येत नाही, याचा काकांना फायदा होई.

बारावा अर्ज मात्र चुकून वाचला गेला. विभागात नव्या प्रमुख मॅडम आल्या होत्या आणि आलेले कागद वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी संगणकवाल्या ताईंना बोलावलं. ताईंनी संगणकाचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, एक मेलेली पाल कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “काका, नवा संगणक कशाला हवाय? हा ठणठणीत आहे. हार्ड डिस्क तेवढी म्हातारी झालीय. तिच्यात तबकडी फिरते, आणि माहिती कुठे आहे ते शोधत बसते. तिच्या जागी ही एसएसडी टाकू. हिच्यात काहीच फिरत नाही, त्यामुळे वाट बघावी लागत नाही.”

त्यांनी दाखवलेली वस्तू अर्ध्या पोस्टकार्डाएवढी होती आणि बिस्किटाहून जाड नव्हती. काका मनातून खट्टू झाले. नऊ वर्षं ज्याच्याशी लढलो तो शत्रू एवढासाच असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

काम दीड तासाचं होतं. परवानगीला सात आठवडे लागले. भांडारपालांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “हा संगणक आमच्या डेडस्टॉक नोंदवहीत आहे. आतला भाग बदलल्यावर तो तोच संगणक राहतो का?”

“राहतो की,” ताई म्हणाल्या.

“मग बदललं काय?”

“वेग.”

“वेगाचा रकाना आमच्या नोंदवहीत नाही.”

शिवाय जुनी डिस्क भांडारात जमा करणं बंधनकारक होतं. पण तिच्यात सरकारी माहिती असताना ती जमा करून घेता येत नव्हती, माहिती पुसायला लेखी परवानगी लागत होती, आणि परवानगीच्या पत्राचा नमुना त्याच डिस्कमध्ये होता. शेवटी तो नमुना काकांना तोंडपाठ असल्याचं निघालं आणि गाडी पुढे सरकली. अर्जाच्या तळाशी एक रकाना होता: ‘सदर बदलामुळे उद्भवू शकणारे धोके’. काकांनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निरंक’.

एसएसडी बसली त्या दिवशी काकांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं, बाटली उचलली आणि वळले.

“झाला की चालू,” रांगेतली पहिली बाई म्हणाली.

ती रुग्णालयातली परिचारिका होती, रात्रपाळी संपवून गणवेशातच आली होती. काकांनी मागे पाहिलं. पडद्यावर दाखल्याचा कोरा नमुना उघडलेला होता आणि नावाच्या रकान्यात एक उभी रेघ लुकलुकत होती. चौदा सेकंद झाले होते. काका बाटली धरून तसेच उभे राहिले. त्यांना खरोखरच तहान लागली होती. पण आता पाणी प्यायला जाणं हे पाणी प्यायला जाणंच दिसलं असतं.

ते बसले. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी कीबोर्डवर फिरवली आणि परिचारिकेच्या नावातलं पहिलं अक्षर शोधू लागले. ते सापडेपर्यंत तिने आपली केसांची पिन काढून पुन्हा लावली. वडिलांच्या नावात ‘ज्ञ’ निघाला तेव्हा तर काकांचा धीरच सुटला. परिचारिका खिडकीतून वाकली, उलट्या बाजूने कीबोर्ड वाचला आणि हलकेच म्हणाली, “काका, तिसऱ्या ओळीत बघा. शिफ्ट दाबून.” अख्खी रांग त्यांच्या बोटाकडे बघत होती. लुकलुकणारी रेघही बघत होती. दाखला निघाला तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती.

आठवड्याने मॅडमनी ‘गतिवृद्धी अहवाल’ मागवला. ताईंनी तो प्रामाणिकपणे तयार केला. एका दाखल्यास सरासरी वेळ: अडतीस मिनिटे. पैकी संगणक: चार सेकंद. छपाई: अकरा सेकंद. उरलेल्या वेळेपुढे त्यांनी ‘इतर’ असं लिहिलं होतं.

मॅडमनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. “हे ‘इतर’ काय आहे? साडेसदतीस मिनिटांहून जास्त आहे. ते शोधून बदलून टाकू.”

काकांनी कागद दोन्ही हातांनी धरला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, “मॅडम, ते मी आहे.”

मॅडम मनाने चांगल्या होत्या, त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं. त्यांनी काकांना दोष दिला नाही, अडचण विचारली. काका म्हणाले कीबोर्ड जुना आहे. दुसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड आला. काका म्हणाले उजेड कमी पडतो. दुपारपर्यंत डोक्यावर दिवा लागला. खुर्ची बदलली, खिडकीला पडदा आला, कूलरसुद्धा काकांच्या टेबलाशेजारी आणून ठेवला गेला. पंधरा दिवसांत काकांजवळचं एकूण एक कारण मंजूर होऊन संपलं. झगझगीत उजेडात, उत्तम खुर्चीत, हाताशी गार पाणी घेऊन काका एका बोटाने ‘ण’ शोधत बसू लागले.

शेवटचं कारण संपलं त्या संध्याकाळी घरी त्यांनी मशीनचा विषय काढला नाही. काकूंनी दोनदा वाट पाहिली, मग शिलाई थांबवून विचारलं, “काय झालं?”

“इतर म्हणजे मी निघालो,” काका म्हणाले, आणि सगळी हकीगत सांगितली.

काकू हसल्या नाहीत. शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “हे माझ्या आईचं आहे. एकोणपन्नास वर्षांचं. पाय चालवला की चालतं.” एवढं बोलून त्यांनी शेजारच्यांकडून एक जुना कीबोर्ड आणला, काकांच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर अस्तराचा तुकडा टाकला. “खाली बघायचं नाही. मी मापं सांगते, तुम्ही उतरवा. छाती छत्तीस, बाही नऊ, पाठीचा गळा खोल.”

काका दोन महिने रोज संध्याकाळी काकूंच्या शेजारी बसून अस्तराखाली बोटं चालवत राहिले. सुरुवातीला बोटं एकमेकांत अडकत. एकदा ती दुखायला लागली म्हणून त्यांनी सुट्टी मागितली, तर काकूंनी आपला टोचून खरबरीत झालेला अंगठा त्यांच्यासमोर धरला. काकांनी पुन्हा कीबोर्ड ओढला. पण एके दिवशी कार्यालयात एक दाखला टाइप करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण खाली पाहिलंच नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. त्या दिवशी ते व्हरांड्यातून चालले ते छाती काढून, आणि आवक-जावकच्या बाईंच्या गुडघ्याची चौकशी करायचीही विसरले.

त्याच आठवड्यात एक ट्रकचालक आला. मुलीला शाळेत घालायचं होतं, प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि जन्माचा दाखला नव्हता. एकवीस दिवस लागतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो हात जोडूनच आला होता. काकांनी त्याला सहा मिनिटांत दाखला दिला. त्याने तो उलटापालटा केला, उजेडात धरला, मागून पाहिला.

“काका, खरा आहे ना?”

“माझी सही आहे खाली.”

तो गेला आणि दीड तासाने मुलीला घेऊन परत आला. चेहरा पडलेला होता. “शाळेत घेत नाहीत. बाई म्हणतात अर्जाची तारीख आजची आणि दाखल्याचीही आजची, असं कुठे असतं का. काका, तारीख मागची टाकून द्या अर्जावर.”

“ते मी करणार नाही,” काका म्हणाले, आणि उठले. “चला, मी येतो.”

शाळेच्या कार्यालयात एका टेबलामागे बाई बसल्या होत्या. काकांनी ओळख सांगितली. बाई म्हणाल्या, “बसा. मला आमच्या नोंदीत बघावं लागेल. सिस्टीम स्लो आहे.” त्यांनी बटण दाबलं, टेबलावरची बाटली उचलली आणि बाहेर गेल्या.

काका बाकावर बसले. बाई किती वेळाने येतील, वाटेत कुठे कुठे थांबतील, हे त्यांना न बघता सांगता आलं असतं. त्यांचे कान तापले. एकवीस दिवसांनी या, हे आपण किती जणांना सांगितलं असेल, याचा हिशोब मनात सुरू झाला, तो त्यांनी घाईने थांबवला. शेजारी ट्रकचालक काळजीने म्हणाला, “मशीन फार स्लो दिसतंय नाही?”

बाई आल्यावर काकांनी समजावून पाहिलं. “तुमच्या संगणकात एक छोटीशी वस्तू बसवली ना, तर चौदा सेकंदांत चालू होईल.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अगदी जुन्या ओळखीचं असतं तसं पाहिलं. “कशाला काका? बरं चाललंय.” मग दाखल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा मी असाच घेतला आणि उद्या तपासणीत कोणी विचारलं, की उशीर का झाला नाही, तर मी काय दाखवू? उशीर झाला की तुम्ही खुलासा देता ना? तसा झाला नाही म्हणून द्या.”

मुलीचं वर्ष वाया जाणार होतं. काकांनी तिथेच कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं: ‘सदर दाखला देण्यास या कार्यालयाकडून कोणताही विलंब झालेला नाही. विलंब न होण्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता. झालेल्या त्वरेबद्दल हे कार्यालय दिलगीर आहे.’ बाईंनी तो वाचला, त्यावर शिक्का मारून घेतला आणि मुलीला प्रवेश दिला. ट्रकचालकाने काकांचे पाय धरले. काकांना त्या क्षणी कसंनुसं झालं, पण मुलगी नव्या वर्गाच्या दारातून आत डोकावत होती, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बँकेने खुलासा मागितला, मग दुसऱ्या शाळेने, मग पासपोर्टवाल्यांनी. लोक दाखला हातात घेऊन विचारू लागले, “आणि उशीर न झाल्याचा कागद?” प्रकार वाढल्यावर मॅडमनी त्याला शिस्त लावली. खुलाशासाठी छापील नमुना झाला, सोबत अर्जदाराचं घोषणापत्र आलं की ‘मी घाई केली नव्हती’, आणि प्रत्येक खुलासा तपासायला तीन जणांची समिती नेमली गेली. समिती तीन आठवड्यांतून एकदा बसते. त्यामुळे दाखला सहा मिनिटांत आणि खुलासा एकवीस दिवसांत, असं वेळापत्रक ठरलं.

मॅडमनी एक गोष्ट मात्र खरोखर चांगली केली. त्यांनी वरपर्यंत पत्रव्यवहार करून आदेश मिळवला की नुसता दाखला सगळीकडे ग्राह्य आहे, खुलाशाची गरज नाही. आदेश मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला. दोन खिडक्या केल्या. एकीवर पाटी ‘दाखला’, दुसरीवर ‘दाखला (खुलाशासह)’. पहिल्या खिडकीत दाखलेकाका बसतात. संगणक सुरू असतो, बोटं तयार असतात, रेघ लुकलुकत असते. दुसऱ्या खिडकीची रांग व्हरांडा ओलांडून जिन्यापर्यंत जाते.

परवा तुम्हीही आला होतात. काकांनी तुम्हाला पाहून हात केला होता. “इकडे या, इथे कोणी नाही. सहा मिनिटांचं काम आहे.” तुम्ही भिंतीवरचा आदेश वाचलात, रिकाम्या खिडकीकडे एकदा पाहिलंत, कसनुसं हसलात, आणि जिन्यात उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला विचारलंत, “ही रांग दाखल्याचीच ना?”