दामूबाबला सोबत लागते

आमच्या कारापूरचा दामूबाब शिंपी आपली कामं सदऱ्यावर टाचून फिरायचा. छातीवर पिनांनी लावलेल्या सात-आठ चिठ्ठ्या: 'रामाची कॉलर', 'भटजींचा सदरा', 'रॉकेल'. समोरून येणारा माणूस नमस्कार करायच्या आधी त्याला वाचून घ्यायचा. एकदा त्याच्या बायकोने, शांताबाईने, तो सदरा चिठ्ठ्यांसकट धुतला आणि साऱ्या गावाची आठवडाभराची कामं वाहून गेली.

माणूस आळशी नव्हता. सकाळी सातला मशीनवर बसायचा. कॉलर लावता लावता बटण हवं म्हणून उठायचा, बटणांच्या डब्यात कात्री सापडली की तिला धार लावायला निघायचा, आणि दुपारी कुणाच्या तरी परसात काजूच्या बिया भाजताना दिसायचा. कापडाची चौकशी केली की ठरलेलं उत्तर: "एकूच टांको उरला!" तो टाका चतुर्थीला उरलेला असे आणि शिगम्यालाही.

गोवा राज्य झालं त्या सुमारास त्याच्या दुकानात कोकणीवाले आणि मराठीवाले तावातावाने भांडत. पण दोन्ही बाजूंचे सदरे दामूबाबकडेच अडकलेले. त्यामुळे शेवटी दोघे एक होऊन त्याच्यावर तुटून पडत.

मी शाळामास्तर. मला वाटायचं, ह्याला शिस्त नाही, दुसरं काही नाही. मी त्याला तांबड्या शाईने छानसं वेळापत्रक करून दिलं. "मास्तर, तुमचे उपकार," म्हणत त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदातून माझ्या सदऱ्याच्या कॉलरचा नमुना कापला. नमुना उत्तम होता. सदरा अजून यायचा आहे.

हा माणूस खरा कळला होता तो त्याच्या मुलीला, सुलूला. ती वेळापत्रकं करत नसे. बाकीचे सगळे कपडे चादरीखाली झाकायची, टेबलावर एकच ठेवायची आणि शेजारी खुर्चीवर तांदूळ निवडत बसायची. "बाबा, आतां फकत बाही." बाही झाली की, "आतां फकत काजां." रागावणं नाही, घाई नाही. तो उठू लागला की ती नुसती मान वर करायची. गावात जे काही कपडे वेळेवर मिळाले, ते तिच्यामुळे.

"ती बसली म्हणून एवढं काय होतं?" मी त्याला एकदा विचारलं.

"लागीं कोण बसल्यार म्हजें मन पळना, मास्तर," शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवत तो म्हणाला.

मग सुलूचं लग्न ठरलं, तिकडे पेडण्यात, कोरगावला. लग्नातलं पोलकं बाबानेच शिवायचं हा तिचा हट्ट. शांताबाईने कपाळावर हात मारून घेतला. लग्न दोन दिवसांवर आलं तरी एक बाही बाकीच. पाहुण्यारावळ्यांत सुलूला बसायला सवड नव्हती. शेवटी शांताबाई माझ्याकडे आली. "मास्तर, तुमी तरी वचून बसात."

मी दुपारीच जाऊन बसलो. बाकीचे कपडे झाकले, टेबलावर फक्त पोलकं ठेवलं आणि सुलूसारखंच म्हणालो, "दामूबाब, आतां फकत बाही." तो हलला नाही. पुन्हा म्हणालो. तरी नाही. मग मात्र माझा मास्तरी आवाज चढला. "चेडवाच्या लग्नाचें तरी इसरूं नाका!"

"इसरूंक ना, मास्तर." तो पोलक्याकडे बघत होता. "जल्मांत पयल्याच खेपेक कांय इसरूंक ना. ही बाही जाली काय चेडूं गेलेंच. मागीर म्हजे लागीं कोण बसतलें?"

मी बसलो होतो ती खुर्ची सुलूची होती. इतकी वर्षं या माणसाला येता-जाता विसराळू, बेशिस्त म्हणत आलो, याची लाज वाटली.

दारात सुलू चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने कप माझ्या हातात दिला, मला खुणेनेच खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. डोळे पुसले. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.

अर्ध्या तासात बाही झाली. दामूबाबने दोरा तोडला, पोलकं झटकलं, नीट घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. ती उठू लागली.

"बस गो मातसो वेळ," तो म्हणाला. "आतां कांय काम ना."